पाचव्या वर्षाचा कंद

थंडोबा हे नाव त्याला बर्फाच्या कारखान्यात पडलं, आणि ज्यानं ते ठेवलं त्याला माणसांची पारख अजिबात नव्हती. तीस वर्षं बर्फात काढलेल्या या माणसाचं डोकं मात्र कायम तापलेलं. क्रेनवाल्यानं बर्फाचा डबा वीतभर जास्त वर उचलला की हा खालून त्याचा उद्धार करायचा. मालकानं विचारलं, "आज लाद्या कमी कशा?" तर म्हणायचा, "पाण्याला विचारा, वेळेवर का गोठलं नाही ते." तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको एरवी त्याला 'अहो' म्हणायची, पण रागावली की तीही म्हणे, "या थंडोबाच्या पायी माझ्या घराची मोरी झाली."

घराची मोरी व्हायला कारण होतं एक झाड.

कारखान्याला लागूनच शीतगृह होतं. तिथं डोंगरातून फळांचे ट्रक यायचे. एकदा एका ट्रकवाल्यानं पेट्यांमधलं शेवाळ झटकलं, तर त्यातून सुकलेल्या फांदीचा तुकडा पडला. त्याला तीन हिरवे कंद चिकटलेले, अंड्याएवढे, पण म्हाताऱ्याच्या गालासारखे सुरकुतलेले. थंडोबानं तो उचलून विचारलं, "काय आहे हे?"

"ऑर्किड. आमच्याकडे वर झाडांच्या फांद्यांवर येतं. फुललं की अख्खी वाट घमघमते. पण टाका ते, इथं नाही जगायचं. इथल्या उकाड्यात माणसं कशीबशी जगतात."

थंडोबाला एखादी गोष्ट होणार नाही असं सांगणं म्हणजे ती करायला लावणं. ट्रकवाल्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. कंद रुमालात बांधून घरी आले.

आधी त्यानं ते मातीच्या कुंडीत लावले. आठ दिवसांत दोन कुजले. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की फांदीवर राहणाऱ्याला माती कशाला हवी, त्याला हवा पाहिजे. मग त्यानं स्वयंपाकघरातली भाजी धुवायची निळी जाळीदार टोपली पळवली, तिच्यात कोळशाचे तुकडे, झाडाची साल आणि ट्रकमधलंच शेवाळ भरलं आणि उरलेला एकुलता एक कंद त्यावर बसवला. बायको टोपली शोधत बाहेर आली आणि बघतच राहिली. त्या दिवसापासून ती झाडाला 'सवत' म्हणायला लागली.

सवतीचे लाडही तसेच. दिवसाचा उकाडा ती नाक मुरडत सोसायची, पण संध्याकाळनंतर तिला गारवा लागायचा. थंडोबानं मागच्या व्हरांड्यात लोखंडी परात ठेवली, तिच्यात भुशात गुंडाळलेला बर्फ, परातीवर दोन विटा, विटांवर टोपली. बर्फ झाडाला शिवता कामा नये, पण त्याचा गारवा मात्र लागला पाहिजे. तिन्ही बाजूंनी ओलं गोणपाट, चौथ्या बाजूनं लहानसा पंखा. सकाळपर्यंत बर्फाचं पाणी आणि पाण्याचं तळं. ते तळं पुसायचं काम कुणाकडं होतं, हे वेगळं सांगायला नको.

बर्फ कारखान्यातलाच. डब्यातून लादी बाहेर येताना तिचे कोपरे तुटतात, ते कुणी घेत नाही. मालकानं त्याला तसा कोपरा रोज न्यायची तोंडी परवानगी दिली होती. तरी फाटकावरचा पहारेकरी रोज गाठोडं सोडायला लावायचा, कारण नियम म्हणजे नियम. थंडोबा भांडखोर होता, पण त्या झडतीबद्दल कधी कुरकुरला नाही. उलट त्याला तिचा अभिमान होता. तीस वर्षं रोज झडती झाली आणि एक खिळाही सापडला नाही, असं तो कुणालाही ऐकवायचा, ऐकणाऱ्यानं विचारलेलं नसलं तरी.

या झाडाची एक रीत आहे. दरवर्षी ते पुढच्या टोकाला एक नवा कंद धरतं आणि जुना मागं तसाच राहतो. पहिल्या वर्षी वाटाण्याएवढा कंद आला. दुसऱ्या वर्षी शेंगदाण्याएवढा. तिसऱ्या वर्षी थंडोबानं चूक केली, आणि तीही बर्फाच्या कारखान्यातल्या माणसानंच करावी अशी. तिथं पाण्याचे डबे गोठायला मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडतात. लादी बाहेर काढल्यावर धुतात, पण क्रेनखाली पडलेले तुकडे कोण धुतो? एके दिवशी घाईत त्यानं तेच उचलले, आणि झाडाला घालायचं पाणी संपलेलं म्हणून परातीतलंच वितळलेलं पाणी झाडावर ओतलं. चार दिवसांत नवा कंद एका अंगानं काळा पडला. त्यानंतर तो गाठोडं बांधण्याआधी प्रत्येक तुकड्याला जीभ लावून बघायचा. दुधानं तोंड पोळलं होतं, तो आता बर्फही चाखून घेत होता.

पाचव्या वर्षी ऐन उन्हाळ्यात कारखान्यात अमोनिया सुटला. सगळे बाहेर पळाले, थंडोबा व्हॉल्व बंद करायला आत पळाला. व्हॉल्व बंद झाला, पण छातीत गॅस गेला आणि तो एकेचाळीस दिवस इस्पितळात पडून राहिला. घरी आला तो थेट मागच्या व्हरांड्यात. झाड उभं होतं. वरून ताज्या शेवाळाचा जाड थर होता.

"यंदाचं टोक वाळलं," बायको म्हणाली. "वाईट दिसत होतं, म्हणून वरून शेवाळ घातलं. आता उकरत बसू नका. मुळांना हात लावला की रुसतं, असं तुम्हीच सांगता."

ते खरंच होतं. मुळं हलली की हे झाड दोन-दोन, तीन-तीन वर्षं फुलत नाही. थंडोबानं हात लावला नाही. मात्र पुढची तीन वर्षं तो भेटेल त्याला सांगत राहिला, "एकेचाळीस दिवस! बर्फ नाही, पाणी नाही, काही नाही, तरी जगलं! जात चिवट आहे." बायको म्हणे, "सवत ती. इतक्या लवकर मरते कशाला?"

सहाव्या वर्षी एक तुरा आला, सातव्या वर्षी तीन. आठव्या वर्षी हिवाळा सरता सरता टोपलीच्या चारी बाजूंनी चौदा तुरे लोंबायला लागले. पांढरीशुभ्र फुलं, गळ्यात पिवळा रंग, आणि वास असा की सकाळी दूध टाकायला येणारा फाटकाशी रेंगाळायचा. "मधात बुडवलेल्या साबणासारखा वास येतो," बायको म्हणाली. तिच्या तोंडून हे कौतुकच होतं. शहराच्या सभागृहात पुष्पप्रदर्शन होतं. थंडोबानं अर्ज भरला.

"हात दाखवून अवलक्षण करून घ्याल," बायको म्हणाली. "तिथं बंगलेवाले असतात."

"त्यांचं झाड बंगल्यात वाढतं, माझं व्हरांड्यात. झाडाला भिंती मोजता येत नाहीत," तो म्हणाला, आणि टोपली हातगाडीवर चढवली. बायको कुरकुरत मागोमाग निघाली.

सभागृहात चकचकीत कुंड्यांच्या रांगेत ती निळी टोपली म्हणजे लग्नात कुणी पायजम्यावर यावं तशी दिसत होती. पण लोक येत होते ते तिच्याचपाशी, आणि डोळे मिटून उभे राहत होते. थंडोबा बाजूला हाताची घडी घालून उभा. अर्ध्या तासानं चिटणीस आले. प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचा सगळा कारभार यांच्या हातात. यांच्या बंगल्यात काचेचं घर, त्यात गारवा करायचं यंत्र. त्यांनी झाडाकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं, थंडोबाच्या चपलांकडं पाहिलं, आणि टोपलीपुढची स्पर्धेची चिठ्ठी उचलून उलटी ठेवली.

"काका, जरा बाजूला येता?"

"इथंच बोला. मला ऐकू येतं."

"नियम असा आहे की झाड निदान वर्षभर तुमच्याकडं वाढलेलं पाहिजे. डोंगरातून कळ्यांसकट आणलेलं चालत नाही."

"आठ वर्षं झाली त्याला माझ्याकडं."

चिटणीस हसले. कारखान्याच्या मालकालाही थंडोबाशी असं हसायची छाती झाली नव्हती. "काका, मी हेच झाड तीनदा आणलं. यंत्र लावलं. तीनदा मेलं. या शहरात हे फुलत नाही."

"तुमच्याकडं मेलं म्हणून माझ्याकडंही मेलंच पाहिजे का?"

आता आजूबाजूला माणसं जमायला लागली. चिटणिसांनी आवाज उतरवला. "वाद कशाला? 'फक्त पाहण्यासाठी' अशी चिठ्ठी लावू. लोक बघतील, तुम्हालाही बरं वाटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची."

थंडोबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नुसतं बक्षीस गेलं असतं तर त्यानं चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण हा माणूस चारचौघांत त्याला खोटारडा म्हणत होता, वर मेहरबानी करत होता.

"माझी मूठ कधीच झाकलेली नव्हती," तो म्हणाला. त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तीस वर्षं रोज फाटकावर उघडून दाखवलीय. आजही दाखवतो. तुमची वही आणा."

"कसली वही?"

"ज्यात नोंदी करता ती. आणि परीक्षकांना बोलवा."

परीक्षक बाई आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. थंडोबानं त्यांना सांगितलं, "बाई, हे झाड दरवर्षी एक कंद धरतं. बरोबर?"

"बरोबर."

"जुने कंद शेवाळाखाली गाडलेले आहेत. वरून कुणाला दिसत नाहीत. मी एकेक वर्ष सांगतो, यांनी लिहून घ्यायचं. मग सगळ्यांसमोर झाड टोपलीतून काढतो. जुळलं तर माझं, नाही जुळलं तर यांचं."

बाईंनी चष्मा वर केला. "फुलांवर आलेलं झाड काढलंत तर पुन्हा फुलायला तीन वर्षं लागतील. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. विकत आणलेलं असतं तर कशाला काढलं असतं? आत काय आहे ते मला तरी कुठं कळलं असतं?"

मागून बायकोनं हळूच त्याचा सदरा ओढला. "अहो, चौदा तुरे आहेत."

"असू देत."

चिटणिसांनी वही उघडली. आता त्यांना मागं सरता येत नव्हतं, इतकी माणसं जमली होती. थंडोबानं सांगायला सुरुवात केली. सगळ्यात मागं मूळचा मोठा कंद. मग पहिला, वाटाण्याएवढा. दुसरा शेंगदाण्याएवढा. तिसरा एका अंगानं काळा.

"काळा कशानं?" बाईंनी विचारलं.

"मिठानं. माझीच चूक. खारा बर्फ आणला."

"म्हणजे झाड तुम्हीच जाळलंत!" चिटणीस म्हणाले.

"जाळलं. आणि जाळलं हे मला माहीत आहे. तेच तर सांगतोय." माणसांत कुणीतरी हसलं. "चौथा बोराएवढा. पाचवा नाहीच, असला तर वाळलेला, चिंचोक्यासारखा. त्या वर्षी मी इस्पितळात होतो. सहावा लिंबाएवढा. सातवा, आठवा वर दिसतायत ते."

चिटणिसांनी लिहिलं. थंडोबानं टोपली जमिनीवर घेतली. मुळं जाळीतून बाहेर येऊन टोपलीला अशी घट्ट धरून बसली होती की ओढलं तर तुटली असती. त्याचा हात तिथंच थबकला. तेव्हा बायको पुढं आली, बाजूच्या टेबलावरची छाटणीची कात्री उचलली आणि म्हणाली, "सरका. मुळं नका तोडू, टोपली कापा. माझीच टोपली आहे." तिनं कडेपासून तळापर्यंत टोपली कापली आणि केळीचं साल सोलावं तशी बाजूला केली.

परीक्षक बाई स्टुलावर बसल्या. एकेका बोटानं शेवाळ दूर करत त्या मोठ्यानं बोलत गेल्या. मूळचा कंद, मोठा. पहिला, वाटाणा. दुसरा, शेंगदाणा. तिसरा त्यांनी उजेडाकडं वळवला. एका अंगानं कोळशासारखा काळा. माणसांत कुजबुज झाली. चौथा, बोर. चिटणीस वहीकडं बघत होते, वर बघत नव्हते.

मग बाईंनी जाड शेवाळाचा थर काढला आणि त्या थांबल्या. पाचवा कंद अंड्याएवढा होता. गुटगुटीत, गुळगुळीत, सहाव्यापेक्षा मोठा. मूळच्या डोंगरी कंदाखालोखाल साऱ्या रांगेत तोच थोराड.

"हा वाळलेला?" चिटणिसांचा आवाज एकदम मोकळा झाला. "चिंचोक्यासारखा म्हणालात ना? सगळ्यांनी ऐकलंय. हे झाड तुमचं असतं तर तुम्हाला—"

थंडोबा बघत राहिला. तोंडात मारल्यासारखा उभा.  एकेचाळीस दिवस बिनबर्फाच्या झाडानं असा कंद धरणंच शक्य नव्हतं. हे कुणाहीपेक्षा त्याला चांगलं माहीत होतं. चिटणीस म्हणत होते तेच खरं की काय, असंही क्षणभर त्याला वाटून गेलं.

"तो माझा आहे," बायको म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले. तिच्या हातात अजून कात्री होती.

"हे इस्पितळात होते तेव्हा मी रोज बर्फ आणत होते. फाटकावर गाठोडं सोडून दाखवत होते, आणि यांना सांगू नका म्हणून पहारेकऱ्याला बजावलं होतं. हे संध्याकाळी एकदाच ठेवतात. मी इस्पितळातून दुपारी परतताना एकदा ठेवायचे आणि संध्याकाळी एकदा. म्हणून माझा मोठा आहे." मग ती चिटणिसांकडं वळली. "तुम्ही लिहा. नवीन टोक वाऱ्यानं कलत होतं, म्हणून मी ते चौथ्या कंदाला बांधलं. इस्पितळातून आणलेल्या बँडेजच्या पट्टीनं. खालच्या अंगाला गाठ आहे, दुहेरी. लिहिलंत? आता बघा."

चिटणिसांनी लिहिलं नव्हतं. बाईंनी "लिहा" म्हणून काठी आपटली, तेव्हा लिहिलं. मग बाईंनी पाचव्या कंदाखाली बोटं घातली आणि हळूच एक पट्टी वर आणली. पिवळी पडलेली, शेवाळानं भरलेली. गाठ होती. दुहेरी होती.

 थंडोबाच आधी बोलला, आणि तेही बायकोला, चारचौघांत, ओरडून. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्या दिवसापासून बर्फ आणायचं काम माझंच झालं असतं," ती म्हणाली. "मी ओळखते तुम्हाला."

"आणि टोक वाळलं म्हणालीस!"

"ते बघितलं असतंत तर कळलंच असतं. म्हणून झाकलं." मग आवाज उतरवून म्हणाली, "तिकडं तुम्ही नळ्या लावून पडला होतात. तुमच्यासाठी मला काही करता येत नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, बाहेर बसा. घरी आलं की निदान याला तरी बर्फ घालता यायचा."

 थंडोबाचे डोळे भरून आले. ते कुणापासून लपवावेत असंही त्याला वाटलं नाही.

बाई काठी टेकत उठल्या. "यात शंका घ्यायला जागा नाही. पहिलं बक्षीस यांचंच."

चिटणीस घसा खाकरून म्हणाले, "बाई, नियमाप्रमाणे झाड कुंडीत लावलेलं पाहिजे. आता तर हे—"

"ठेवा तुमचं बक्षीस," थंडोबा म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा जागेवर आला होता. "त्यासाठी टोपली नाही कापली आम्ही. वहीत लिहा. हे झाड आठ वर्षं घरी वाढवलेलं आहे, असं लिहा. तुमच्या हातानं."

चिटणिसांनी बाईंकडं पाहिलं. बाई कुठंतरी दुसरीकडं बघत होत्या. शेवटी चिटणिसांनी लिहिलं. थंडोबानं वही फिरवून घेतली, बोट ठेवून अक्षर अक्षर वाचली आणि परत दिली.

"वाढवणाऱ्याच्या जागी माझं एकट्याचं नाव आहे."

"अर्ज तुमचाच होता ना?"

"अर्ज चुकला. तिचं घाला. आधी तिचं, मग माझं."

चिटणिसांनी तेही घातलं. जागा कमी होती म्हणून तिचं नाव ओळीच्या वर, बारीक अक्षरात बसवलं. बायकोनं पुढं वाकून ते वाचलं आणि कात्री टेबलावर ठेवली.

कापलेल्या टोपलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांनी झाड उचललं. एक बाजू त्यानं धरली, एक तिनं. तुरे आताच मान टाकायला लागले होते. माणसं बाजूला होऊन वाट देत होती. दाराशी चिटणीस मागून आले आणि अवघडून म्हणाले, "पुढच्या वर्षी अवश्य या."

"पुढच्या वर्षी फुलणार नाही ते. त्याच्या पुढच्याही नाही. त्याच्याही पुढच्या नाही," थंडोबा म्हणाला. "ते बाईंनी सांगितलंय. फुललं की येऊ."

"आणि नाही फुललं तर?"

"तरी येऊ," बायको म्हणाली. "नुसते कंद घेऊन येऊ. तुम्ही वही काढून ठेवा."